विश्लेषण : सिद्धगडनंतर २२ दिवसांनी पुण्याच्या चित्रपटगृहात स्फोट का झाला?

तळेघरहून भीमाशंकरकडे निघालं, की सह्याद्रीच्या कड्यापलीकडे सिद्धगडाचा परिसर लागतो. याच सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यानंतर अवघ्या २२ दिवसांनी, २४ जानेवारीला पुणे कॅम्पमधलं कॅपिटॉल चित्रपटगृह बॉम्बस्फोटानं हादरलं.

चित्रपटगृहच का?
दुसऱ्या महायुद्धात पुणे हा मोठा लष्करी तळ होता. कॅम्पातल्या इंग्रजी चित्रपटांना गोऱ्या सैनिकांची गर्दी व्हायची. ‘चले जाव’ आंदोलनाचे नेते तुरुंगात होते. भूमिगत तरुणांच्या दृष्टीनं परकी सत्ता एका छताखाली सापडण्याची ही जागा होती. स्फोटात ब्रिटिश सैनिक ठार आणि जखमी झाले.

भास्कर कर्णिक कोण होते?
कर्णिक लष्कराच्या दारूगोळा विभागात नोकरीला होते. स्फोटकं मिळवण्यात त्यांचा हात होता. अटकेनंतर फरासखाना पोलीस चौकीत त्यांनी विष घेतलं. छळ झाला तर साथीदारांची नावं तोंडून निघतील, हे त्यांना टाळायचं होतं. तिथे आज त्यांचं स्मारक आहे.

पडद्यावरही युद्ध होतं?
हो. कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे सरकारनं चित्रपटाची लांबी ११ हजार फुटांवर आणली. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे जेमतेम दोन तास. शिवाय सरकारी युद्धपट दाखवणं चित्रपटगृहांना सक्तीचं झालं.

जगात असं कुठे घडलं?
पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या अँटवर्पमध्ये (बेल्जियम) प्राणिसंग्रहालयानं १९१५ मध्ये आपल्या संगीत सभागृहात चित्रपट दाखवायला सुरुवात केली. उत्पन्नाचा तो एक मार्ग होता. तिथे परकी अमलाखालचे नागरिक विरंगुळा शोधत होते. पुण्यात विरंगुळा राज्यकर्त्यांच्या सैनिकांचा होता.

आज काय उरलं?
कॅपिटॉलचं नाव पुढे ‘व्हिक्टरी’ झालं. सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं. ईस्ट स्ट्रीटवरून जाणाऱ्या किती जणांना २४ जानेवारी आठवते, हा प्रश्न मात्र उरतोच.