स्नायूंची क्षीण हाक

अर्धांगवायूने आजोबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा ‘हात मेला’ असे आम्ही सारेच म्हणू लागलो. पुढे वाचनात आले ते निराळेच. बिघाड मेंदूत झालेला असतो; हाताचे स्नायू जिवंतच असतात.

स्नायू आकुंचन पावताना सूक्ष्म वीज निर्माण होते. माणसाच्या हाताबाबत हे बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४९ च्या सुमारास दाखविले. हात हलला नाही तरी रोग्याने नेटाने प्रयत्न केला, की पुष्कळदा ही वीज कातडीवर उमटते. फार तर काही मिलिव्होल्ट. दंडावर लावलेल्या धातूच्या चकत्या ती टिपतात, यंत्र ती कित्येक पटींनी वाढविते आणि ठरलेली पातळी गाठताच मोटर कोपर वाकविते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधनातून निघालेल्या ‘मायोमो’च्या अशा यंत्राला २००७ साली तेथील सरकारची मान्यता मिळाली.

घामाने, थकव्याने ही खूण बदलते. काहींच्या हातावर ती उमटतच नाही. पण मर्म हे, की रोग्याच्या प्रयत्नावाचून यंत्र जागचे हलत नाही. मेंदूला नवी वाट सापडायची ती अशाच प्रयत्नांच्या आवर्तनांतून.

आजोबा अजूनही ओसरीवर बसून बोटे मिटू पाहतात. ‘कशाला उगाच?’ असे मी आता म्हणत नाही.