पाळीव बिबट्या पालींमधील वजनघट व मंदावलेली भूक : कारणमीमांसा आणि उपाययोजना

सारांश

बिबट्या पाल, म्हणजेच लेपर्ड गेको, ही जगभर मोठ्या प्रमाणावर पाळली जाणारी पाल आहे. तिचे खाणे कमी होणे ही पाळणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार होय. भूक मंदावण्यामागे काही वेळा ऋतुमानासारखे निरुपद्रवी कारण असते, तर काही वेळा ते गंभीर व संसर्गजन्य आजाराचे पहिले लक्षण ठरते. या दोन अवस्थांमधील फरक कसा ओळखावा, वजनाच्या नोंदींचा त्यासाठी कसा उपयोग होतो आणि उपचारांचा क्रम कसा असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बिबट्या पाल, वजनघट, शेपटीतील मेद, तापमान, परजीवी, विलगीकरण.

१. प्रस्तावना

बिबट्या पालीचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस असे आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. त्यासाठी वापरलेला नमुना पंजाबातील मिठाच्या डोंगररांगांमधला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील होता. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत या भागांतील खडकाळ, कोरड्या प्रदेशात ही पाल आढळते. याच प्रजातीकुलातील युब्लेफॅरिस फस्कस ही पाल महाराष्ट्र व गुजरातमध्ये आढळते, तर सातपुड्यातील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या जातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र निसर्गातील प्राणी पकडून पाळणे सर्वथा अनुचित आहे. प्रस्तुत विवेचन केवळ बंदिस्त अवस्थेत पैदास झालेल्या पालींपुरते मर्यादित आहे.

घरातील भिंतीवरच्या पालीपेक्षा ही पाल अनेक बाबतींत वेगळी आहे. तिच्या पापण्या हलतात, बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, ती जमिनीवर वावरते आणि संधिप्रकाशात व रात्री शिकार करते. तिची जाड शेपटी हे मेदाचे कोठार असून अन्नटंचाईच्या काळात त्याच साठ्यावर ती तगून राहते. या गुणामुळेच ती पाळण्यास सोपी समजली जाते. तथापि याच गुणामुळे तिचा आजार दीर्घकाळ झाकलेला राहतो. शेपटीतील मेद संपेपर्यंत ती वरकरणी ठीक दिसते आणि पाळणाऱ्याच्या लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

२. भूक आणि वजन : चार स्थिती

केवळ 'पाल खात नाही' एवढ्या माहितीवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. भूक व वजन या दोन्ही बाबी एकत्र पाहिल्यास पुढील चार स्थिती संभवतात.

अ) भूक कमी, वजन स्थिर : हिवाळा, प्रजननकाळ, कात टाकण्याचे दिवस किंवा नव्या घरात नुकतेच झालेले आगमन यांमुळे असे घडते. प्रौढ नर प्रजननकाळात काही आठवडे फार कमी खातात. अशा वेळी घाई न करता निरीक्षण करणे योग्य ठरते.

आ) भूक कमी, वजन वाढते : मादीच्या बाबतीत अंडी तयार होत असल्याची शक्यता असते. नराचा सहवास नसतानाही मादी अफलित अंडी घालू शकते. पोट फुगलेले असून मादी सतत जमीन उकरत असेल, निस्तेज झाली असेल आणि तरीही अंडी बाहेर येत नसतील, तर अंडी अडकल्याची शंका घेऊन तातडीने पशुवैद्यकाकडे जावे.

इ) भूक कमी, वजन घटते : सदोष तापमान, तोंडाचे किंवा डोळ्यांचे विकार, आतड्यातील अडथळा, संसर्ग अथवा यकृत व मूत्रपिंड यांचे आजार यांचा शोध येथे घ्यावा लागतो.

ई) भूक चांगली, वजन घटते : ही स्थिती सर्वाधिक फसवी आहे. प्राणी खातो म्हणून पाळणारा निश्चिंत असतो. परंतु खाल्लेले अन्न अंगी लागत नसते. आतड्यातील परजीवींचा विचार येथे प्रथम करावा.

या चार स्थितींतील भेद नजरेने करता येत नाही. त्यासाठी वजनाची नोंद आवश्यक आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे वजन साधारणतः ३ ग्रॅम असते, तर बहुतेक प्रौढ पालींचे वजन ४५ ते ८० ग्रॅमच्या दरम्यान असते. स्वयंपाकघरात वापरला जाणारा डिजिटल वजनकाटा प्रौढ पालीसाठी पुरेसा होतो, पिल्लांसाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असावा. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी व शक्यतो खाद्य देण्यापूर्वी वजन करावे. वजनाबरोबरच खाल्लेल्या कीटकांची संख्या, विष्ठेचे स्वरूप आणि कात टाकल्याची तारीख लिहून ठेवावी. ६० ग्रॅम वजनाची पाल ५४ ग्रॅमवर आली, तर ती घट १० टक्के होते. एवढी घट पशुवैद्यकाचा सल्ला घेण्यास पुरेसे कारण आहे. पिल्लांच्या बाबतीत तर वाढत्या वयात वजन न वाढणे हीसुद्धा घटच मानली पाहिजे.

३. परिसरातील दोष

पाल हा शीतरक्ती प्राणी असल्याने तिचे पचन बाहेरील उष्णतेवर अवलंबून असते. पुरेशी ऊब मिळाली नाही तर पाचक द्रव्यांचे कार्य मंदावते, अन्न पोटात पडून राहते आणि भूक लागत नाही. काही वेळा अर्धवट पचलेले अन्न ओकून टाकले जाते. म्हणून भूक मंदावल्यास सर्वप्रथम तापमान तपासावे. पेटीच्या उबदार बाजूस पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३४ अंश सेल्सिअस व थंड बाजूस सुमारे २४ ते २६ अंश असावे, म्हणजे प्राण्याला गरजेनुसार जागा बदलता येते. काचेवर चिकटवलेला तापमापक हवेचे तापमान दाखवतो. पाल जेथे पोट टेकून बसते तेथील तापमान तो दाखवत नाही. संवेदक असलेला तापमापक जमिनीलगत ठेवूनच मोजणी करावी. उष्णतेचे प्रत्येक साधन थर्मोस्टॅटला जोडणे आवश्यक आहे, कारण अनियंत्रित तापपट्टीने पोट भाजल्याची उदाहरणे आढळतात.

लपण्याच्या जागांचा अभाव हेही भूक मंदावण्याचे कारण असते. उबदार, थंड आणि ओलसर अशा किमान तीन आडोशांची सोय असावी. ओलसर आडोशामुळे कात सुलभतेने निघते. एकाच पेटीत दोन पाली ठेवल्यास दुबळी पाल दबून राहते, उबदार जागेपासून व खाद्यापासून वंचित होते. उघड भांडण दिसत नसले तरी असा दबाव असू शकतो. अशा पाली स्वतंत्र ठेवल्यावर वजनातील फरक पुढील काही आठवड्यांत दिसून येतो.

सुटी वाळू, विशेषतः कॅल्शियमयुक्त म्हणून विकली जाणारी वाळू, गिळली गेल्यास आतड्यात साचते. शरीरात कॅल्शियमची कमतरता असलेली पाल ती मुद्दाम चाटते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. आजारी पालीच्या पेटीत साधा कागद अंथरणे सर्वांत श्रेयस्कर होय. त्यामुळे विष्ठेचे निरीक्षणही सुकर होते.

४. आहारातील दोष

ही पाल कीटकभक्षी आहे. रातकिडे, डुबिया झुरळे व मीलवर्म नावाने विकल्या जाणाऱ्या भुंग्याच्या अळ्या हे तिचे प्रमुख खाद्य होय. कीटकाचा आकार पालीच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा. मेणपतंगाच्या अळ्यांमध्ये मेद अधिक असल्याने त्या पालीला विशेष आवडतात. परंतु त्यांची सवय लागल्यास ती इतर खाद्य नाकारते. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नयेत, कारण ते अशक्त पालीला चावतात.

बहुतेक कीटकांमध्ये कॅल्शियमचे प्रमाण स्फुरदाच्या तुलनेत फार कमी असते. म्हणून कीटकांना आधी पौष्टिक खाद्य द्यावे व पालीस देण्यापूर्वी त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्व यांच्या अभावी हाडे मऊ होतात, जबडा लवचीक बनतो आणि प्राण्याला भक्ष्य पकडता येत नाही. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे पापण्यांखाली घट्ट पदार्थ साचतो. ही पाल मुख्यतः दृष्टीच्या आधारे शिकार करीत असल्याने डोळे मिटलेले असताना ती उपाशी राहते. येथे भूक नाही असे म्हणण्यापेक्षा भक्ष्य दिसत नाही असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

रंगांच्या हौसेपोटी केलेल्या निवडक पैदाशीचाही येथे उल्लेख करावा लागेल. 'एनिग्मा' या रंगप्रकारात तोल जाणे, मान वाकडी होणे व भक्ष्यावरील झेप चुकणे असे दोष आढळतात. 'लेमन फ्रॉस्ट' या प्रकारात रंगपेशींच्या गाठी होतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांचा संबंध स्पिंट-१ या जनुकाशी जोडण्यात आला.

५. संसर्ग व परजीवी

सूचिकृमींसारखे परजीवी अल्प प्रमाणात असल्यास निरोगी पालीला विशेष अपाय होत नाही. मात्र ताण, थंडी किंवा अस्वच्छता यांमुळे त्यांची संख्या वाढली की वजन घटू लागते. ताज्या विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करूनच औषधाची निवड करावी. तपासणीविना जंतनाशक देणे अशक्त प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.

यांपेक्षा कितीतरी गंभीर परजीवी म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरानी हा एकपेशीय जीव होय. पूर्वी तो सॉरोफिलम या नावानेही ओळखला जात असे. तो लहान आतड्याच्या अस्तरावर वाढतो आणि अन्नशोषणात बाधा आणतो. बिबट्या पालींमधील या संसर्गजन्य आंत्रदाहाचे सविस्तर वर्णन २००३ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाले. शेपूट काटकीसारखी बारीक होणे हे त्याचे ठळक लक्षण आहे. तथापि काटकीसारखी शेपूट म्हणजे हाच आजार, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. दीर्घ उपासमारीच्या कोणत्याही कारणाने शेपूट बारीक होते.

या परजीवीची बीजके विष्ठेतून सतत नव्हे, तर अधूनमधून बाहेर पडतात. त्यामुळे एका तपासणीत ती आढळली नाहीत म्हणून प्राणी संसर्गमुक्त मानता येत नाही. विशिष्ट रंजकाने केलेली सूक्ष्मदर्शक तपासणी आणि पीसीआर चाचणी यांची काही दिवसांच्या अंतराने पुनरावृत्ती करावी लागते. संसर्ग समूळ नष्ट करणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. पॅरोमोमायसिनमुळे लक्षणे व बीजकांचे उत्सर्जन कमी होऊ शकते, पण औषध थांबविल्यावर आजार उलटू शकतो. नेहमीच्या क्लोरीनयुक्त जंतुनाशकाने बीजके सहज मरत नाहीत. उष्णता व कोरडेपणा यांचा अधिक उपयोग होतो. खालावलेल्या प्राण्याच्या बाबतीत दयामरणाचा कठीण निर्णय घेण्याची वेळ येते. तो निर्णय केवळ शेपटीकडे पाहून नव्हे, तर निदान निश्चित झाल्यावर पशुवैद्यकाशी विचारविनिमय करूनच घ्यावा.

६. उपाययोजनेचा क्रम

अशक्त पाल दिसताच तिला बळेच खाऊ घालण्याकडे अनेकांचा कल असतो. हा क्रम उलटा आहे. थंड व निर्जलीकरण झालेल्या शरीरात ढकललेले अन्न पचत नाही; ते कुजते अथवा श्वासमार्गात जाते. योग्य क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१) ऊब : तापमान मोजून आवश्यक त्या मर्यादेत आणावे.
२) पाणी : ताजे पाणी उपलब्ध ठेवावे. उथळ, कोमट पाण्यात देखरेखीखाली काही मिनिटे ठेवण्याचा उपयोग होतो. डोळे खोल गेलेले व त्वचा सुरकुतलेली असल्यास पशुवैद्यकाकडून त्वचेखाली द्रव द्यावे.
३) निरीक्षण : तोंड, डोळे, बोटांवर अडकलेली कात, पोट व गुदद्वार तपासावे.
४) विलगीकरण : इतर पालींपासून वेगळे ठेवून चिमटे, भांडी व आडोसे स्वतंत्र ठेवावेत. आजारी पालीने नाकारलेले कीटक दुसऱ्या पालीस देऊ नयेत.
५) तपासणी : ताजी विष्ठा व वजनाची वही यांसह पशुवैद्यकाकडे जावे.
६) पोषण : वरील बाबी सुधारल्यावर लहान व हालचाल करणारे कीटक संध्याकाळी द्यावेत. आवश्यकता भासल्यास कीटकभक्षी प्राण्यांसाठीचे पातळ खाद्य सल्ल्यानुसार अल्प प्रमाणात द्यावे.

स्थूल पालीचा उपवासही दुर्लक्षिण्याजोगा नसतो. साठलेला मेद वेगाने यकृताकडे वळल्यास यकृतात चरबी साचून प्रकृती अधिक बिघडते. तसेच शेपूट तुटलेल्या पालीचा राखीव साठा नाहीसा झालेला असल्याने तिच्या आहाराकडे अधिक लक्ष पुरवावे. हाताळणीनंतर साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू बाहेर पडू शकतात.

७. समारोप

पालीची मंदावलेली भूक हा स्वतंत्र आजार नसून अनेक कारणांचे एक समान लक्षण आहे. वजन स्थिर असेल तर संयम आणि वजन घटत असेल तर तत्परता, हा त्यातील मुख्य विवेक होय. तापमानाची अचूक मोजणी, आठवड्याची वजननोंद व नव्या पालीचे सुमारे तीन महिन्यांचे विलगीकरण या तीन साध्या सवयींमुळे बहुतेक अनर्थ टळू शकतात. मुक्या प्राण्याला आपली व्यथा सांगता येत नाही. वजनाची वही नियमित लिहिली गेली, तर ती व्यथा शेपूट बारीक होण्याच्या कितीतरी आधी वाचता येते.