ग्राइंडरचं गार्ड काढू नका, अर्थिंगची पिन तोडू नका

जानेवारी उजाडला की तासगावच्या आसपास फॅब्रिकेशनच्या दुकानांत कामाची गर्दी होते. द्राक्षाचा हंगाम सुरू झालेला असतो आणि त्याच्या मागोमाग बेदाणा येतो. कुणाला बेदाण्याच्या शेडचे रॅक जोडून हवे असतात, कुणाला बागेतले वाकलेले अँगल बदलायचे असतात. ही कामं करणाऱ्या वेल्डर, फिटर, वायरमनमध्ये आपल्या मोहल्ल्यांतली पोरंही आहेत. ग्राइंडर आणि ड्रिलवर त्यांच्या घरची चूल पेटते. म्हणून आज आम्ही या मशिनींबद्दलच लिहीत आहोत.

कारागिराचं भांडवल म्हणजे त्याचे हात. आपल्याच जिल्ह्यातल्या मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी पुढे तंबोरे आणि सतारी घडवल्या, मिरजेचं नाव देशभर केलं. हत्यार बदललं तरी हात तेच होते. ते हात शाबूत राहावेत यासाठी मोठा खर्च लागत नाही. ग्राइंडरचं गार्ड आणि वायरिंगचं अर्थिंग, या दोन गोष्टी जागेवर असल्या तरी निम्मी काळजी मिटते. आणि घाईत आपण नेमक्या याच दोन काढून टाकतो.

गार्ड कशासाठी असतं?

४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. हिशोब केला तर डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. प्रत्येक डिस्कला वेगाची मर्यादा असते आणि ती डिस्कवरच छापलेली असते. लोखंड कापायच्या डिस्कना ती सहसा सेकंदाला ८० मीटर असते.

आता काहीजण काय करतात? मोठा पाइप कापायचा म्हणून गार्ड काढतात आणि ४ इंची मशीनला ७ इंची डिस्क बसवतात. ७ इंची डिस्क मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. ती ११,००० ने फिरवली की कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. अशी डिस्क फुटली तर तुकडे तोंडाकडे आणि गळ्याकडे येतात, आणि ते अडवणारं गार्ड आपण आधीच कोपऱ्यात टाकलेलं असतं.

लाकूड कापायची दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं तर त्याहून वाईट. दाते लाकडात अडकले की मशीन हातातून उसळतं. लाकडासाठी लाकडाचंच कटर वापरा.

रोजच्या कामात एवढं पाळावं:

- डिस्क बदलताना आधी प्लग काढा. फक्त स्विच बंद करून भागत नाही.
- नवी डिस्क लावल्यावर मशीन अंगापासून लांब धरून मिनिटभर मोकळं चालवा. तडा असेल तर तिथेच कळेल.
- डिस्कच्या सरळ रेषेत उभे राहू नका, जरा बाजूला राहा.
- कापताना अँगलला असा टेकू द्या की काप उघडत जाईल. काप मिटला की डिस्क चिमटते आणि मशीन मागे झटका देतं.
- सैल कुर्त्याच्या बाह्या वर करा, गळ्यातला रुमाल काढून ठेवा. घरात भगिनी ड्रिल वापरत असतील तर ओढणी मागे बांधून घ्यावी. ड्रिल करताना कापडी हातमोजे घालू नका, ते बिटमध्ये गुंडाळले जातात.
- चष्मा लावा. डोळ्यात कीस गेला तर शेजारच्या मित्राकडून काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून घेऊ नका. डोळा चोळू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास घडते. काम चालू असताना लाइट जाते, आपण मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातो. लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतं आणि जमिनीवर नाचायला लागतं. लाइट गेली की आधी स्विच बंद, मग चहा.

एमसीबी आहे, मग शॉक कसा बसेल?

हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण ४३० मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाच्या छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअर गेला तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. घरातला एमसीबी मात्र ६ किंवा १६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० किंवा १६,००० मिलिअँपिअरचा असतो. माणूस चिकटला तरी त्या एमसीबीला पत्ताही लागत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतो. दुकानात आणि घरात तो बसवून घ्या आणि त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. वेल्डिंग मशीन, १४ इंची कटर, बेंच ग्राइंडर अशा लोखंडी बॉडीच्या मशीनला ती लागतेच. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती तोडणं, किंवा दोन उघड्या तारा काडीपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचणं, हे आम्ही आमच्याच घरात पाहिलंय आणि ‘तेवढ्यापुरतं’ म्हणून सोडूनही दिलंय. चूक आमचीही होती. काही हातमशिनींना दोनच पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्या दुहेरी इन्सुलेशनच्या असतात, त्यांना अर्थिंग लागत नाही. पण पाण्यात भिजल्या किंवा वायर सोलली गेली तर त्याही शॉक देतातच.

बागेत काम असेल तर जास्त जपा. ठिबकमुळे जमीन ओली असते आणि वेलींच्या तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या असतात. सोललेली एक्स्टेन्शन वायर त्या तारेला लागली तर अख्ख्या ओळीत करंट उतरू शकतो. वायर तारांवर टांगू नका, जॉइंट ओल्या मातीत ठेवू नका. १४ इंची कटर १० अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी.

रोजा असताना

गेली दोन-तीन वर्षं रमजान बेदाण्याच्या सीझनमध्येच येतोय. तरावीह आणि सहरीमुळे झोप कमी झालेली असते, दुपारनंतर अंगात पाणी कमी असतं आणि हात घामाने ओले असतात. ओल्या कातडीतून करंट सहज जातो. म्हणून कापण्याचं आणि उंचावरचं काम सकाळीच उरका. दुपारनंतर मोजमाप, रंगकाम असं हलकं काम ठेवा. इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात ग्राइंडर हातात नकोच. उस्तादांनी हे पोरांना स्वतःहून सांगावं, पोरं लाजेपोटी बोलत नाहीत.

काही झालंच तर

करंटला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. बाहेरची मोठी लाइन असेल तर जवळही जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. मातीत पुरणं, पाणी पाजणं यात वेळ घालवू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.

बोट तुटलं तर जखमेवर हळद किंवा पावडर टाकू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लागू देऊ नका. मग लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.

घरात कुणी हे काम करत असेल तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा: “बेटा, तुझ्या ग्राइंडरला गार्ड आहे का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर उद्याचं काम गार्ड बसवल्यावरच सुरू होऊ द्या.