मासे मोजण्यासाठी भाड्याची बोट

बोट भाड्याने देणे-घेणे कोकणातील आपल्या दालदी बांधवांना नवे नाही. परंतु मासे धरण्यासाठी नव्हे, तर ते समुद्रात किती उरले आहेत हे मोजण्यासाठी बोट भाड्याने घेणारे गिऱ्हाईकही जगात आहे. आपल्याकडे हे मोजमाप प्रामुख्याने भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था स्वतःच्या जहाजांनी करते. 1946 साली मुंबईत तिची सुरुवात झाली. भाड्याच्या बोटींचा व्यवहार पाहायचा तर उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे वळावे लागते.

तेथे हॅलिबट नावाचा मासा मिळतो. आपल्या लेपासारखा चपटा, पण वजनाने दोनशे किलोच्याही वर जाणारा. त्याच्यासाठी अमेरिका व कॅनडा यांनी 1923 साली करार करून एक संयुक्त आयोग नेमला. हा आयोग दर उन्हाळ्यात टेंडर काढून मच्छीमारांच्याच बोटी घेतो. बोट, तांडेल, खलाशी मालकाचे. आयोगाची माणसे सोबत असतात. वर्षातले काही महिनेच लागणारे जहाज बारा महिने पोसण्यापेक्षा हे परवडते, शिवाय गळ टाकणारे हात मुरलेले मिळतात.

मात्र या कामात तांडेलाचे सर्वांत मोठे कसब, म्हणजे मासा कोठे आहे हे ओळखणे, बाजूला ठेवावे लागते. नकाशावर दर दहा सागरी मैलांवर ठिकाणे ठरलेली असतात. तेथेच जायचे, एका दोरीला शंभर गळ, दोन गळांत 18 फूट अंतर, आमिष तेच, आणि दोरी किमान पाच तास पाण्यात. “येथे काही मिळणार नाही” असे तांडेल म्हणाला तरी गळ टाकायचेच. रिकामी दोरी हीसुद्धा नोंद आहे. माशाच्या कानातील खडा काढून त्यावरील वलयांवरून त्याचे वय मोजतात.

नुसत्या बाजारात येणाऱ्या मासळीवरून हिशेब का होत नाही? कारण बोटी मासा असेल तेथेच जातात. साठा आटत आला तरी उरलेल्या थव्यांवर जाळी भरतच राहतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड माशाच्या अंदाजात जी चूक झाली, तिचे हे एक मोठे कारण होते. तेथे 1992 साली मासेमारीच बंद करावी लागली.

आता पैशाचा भाग, आणि आम्हाला यातील तोच सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. मोजणीत सापडलेला, 32 इंच वा त्याहून मोठा हॅलिबट फेकून न देता बंदरात विकतात व त्यातून सर्वेक्षणाचा खर्च भागवतात. मालकाला ठरलेले भाडे आणि विक्रीत हिस्सा मिळतो. व्यवस्था सुबक आहे, पण तिच्यात एक गाठ आहे. मासा घटला की विक्री घटते, विक्री घटली की सर्वेक्षणाला पैसा कमी पडतो. खर्च वाढला आणि उत्पन्न घटले, म्हणून अलीकडच्या वर्षांत आयोगाला ठिकाणे कमी करावी लागली. म्हणजे मोजण्याची गरज वाढते तेव्हाच मोजणी आखडते.

असे टेंडर उद्या आपल्या किनाऱ्यावर निघाले, तर बोटमालकाने भाड्याच्या आकड्याआधी अटी वाचाव्यात. वादळामुळे बंदरात अडकलेल्या दिवसांचे पैसे कोणाचे? डिझेल वाढले तर फरक कोण सोसणार? जाळे दगडात फाटले तर? विक्रीचा हिस्सा खर्च वजा करून की आधीच? इजारा असो वा भागीदारी, देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद सूरे बकरहमध्ये आहेच. खलाशांचा वाटा नेहमी मासळीवर ठरतो. रिकाम्या दोरीच्या दिवशी त्यांना काय मिळणार, हेही त्याच कागदावर यावे.