१९१ आले कुठून?

मायएसक्यूएलवर चालणारा एखादा आठ-दहा वर्षांपूर्वीचा डेटाबेस उघडा. नाव, ईमेल किंवा वेबपत्त्याच्या कॉलमपुढे ‘व्हारचार (१९१)’ असे लिहिलेले बऱ्याचदा सापडते. २०० समजते, २५५ही सवयीचे; पण १९१? टीममध्ये नव्याने आलेली मुले हमखास विचारतात. उत्तरासाठी वीसेक वर्षे मागे जावे लागते.

मायएसक्यूएलमध्ये युनिकोड आले ते ४.१ या आवृत्तीत. त्यातल्या ‘यूटीएफ८’ने एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट दिले. आपले त्यात भागत होते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग तो ‘क’ असो, काना असो की हलंत, तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ दिसायला चार अक्षरी, पण साठवताना दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. इकडे मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनने इंडेक्समधल्या एका कॉलमला ७६७ बाइटांची वेस घातलेली. २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५. दोन बाइट राखून गणित जमले आणि सगळे निर्धास्त झाले.

ते बिघडवले इमोजींनी. त्यातल्या बहुतेकांना चार बाइट लागतात. मोडीलाही लागतात: २०१४ साली युनिकोड ७.० ने तिला जागा दिली ती चार बाइटांच्या पट्ट्यात. देवनागरी सुखाने नांदत होती त्या कॉलमात मोडीचे एक अक्षर शिरेना. चार बाइटांचा ‘यूटीएफ८एमबी४’ २०१० मध्ये ५.५ बरोबर आला होता, पण २५५ गुणिले ४ होतात १०२०. इंडेक्स बांधायला जावे तर एरर १०७१: की फार लांब आहे, मर्यादा ७६७ बाइट. मग ७६७ ला ४ ने भागा. १९१ आले ते इथून. एप्रिल २०१५ मध्ये वर्डप्रेस ४.२ ने आपले इंडेक्स १९१ वर छाटले. २०१७ च्या लाराव्हेल ५.४ नंतर तर स्ट्रिंगची लांबी १९१ ठेवणारी एक ओळ टाकूनच प्रोजेक्टचा नारळ फुटू लागला.

ही वेस उगाच नव्हती. १९७० साली बायर आणि मॅक्क्राइट यांनी मांडलेल्या बी-ट्रीवर बहुतेक इंडेक्स उभे आहेत. इनोडीबीचे एक पान १६ केबीचे. की लांबल्या की पानावर कमी मावतात, झाड उंच होते आणि एका शोधासाठी जास्त पाने उलटावी लागतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचे पान ८ केबीचे. त्यावर निदान तीन नोंदी बसल्याच पाहिजेत, म्हणून तिथे नोंदीची हद्द साधारण २७०० बाइट.

छाटणीने वेळ निभावली, पण त्यात एक खोच होती. युनिक इंडेक्स पहिल्या १९१ चिन्हांवरच असेल, तर तिथपर्यंत सारखे असलेले दोन लांबलचक वेबपत्ते त्याला एकच वाटतात आणि दुसरा नाकारला जातो. यावर उपाय म्हणून अनेकांनी पत्त्याचा हॅश वेगळ्या कॉलमात ठेवून त्यावर इंडेक्स बांधला.

लांबीचा प्रश्न निदान मोजता तरी येतो. क्रमाचा त्याहून अवघड. बी-ट्रीला ‘आधी कोण, नंतर कोण’ हे ठाऊक असावे लागते. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस ९.२ मध्ये २०१२ साली रचनाबद्ध माहिती साठवणारा ‘जेसन’ प्रकार आला, पण त्याला समान-असमानही ठरवता येत नव्हते. त्यावर थेट बी-ट्री बांधणे अशक्य. २०१४ च्या ९.४ मधल्या ‘जेसनबी’ने आणि त्यावरच्या ‘जिन’ या वेगळ्या प्रकारच्या इंडेक्सने वाट मोकळी केली. मायएसक्यूएलने २०१५ मध्ये जेसन दिला, पण हवी ती किंमत जनरेटेड कॉलममध्ये काढा आणि तिचा इंडेक्स करा, असा द्राविडी प्राणायाम ठेवून.

त्याच वर्षी ५.७ ने नवी रो-फॉरमॅट रूढ केली आणि इंडेक्सची ७६७ ची मर्यादा ३०७२ बाइटांवर नेली. २०१८ मध्ये ८.० ने यूटीएफ८एमबी४ हाच मूळ अक्षरसंच केला. टेक्स्ट कॉलमच्या साध्या इंडेक्सला मात्र लांबी आजही सांगावीच लागते.

तेव्हा कॉलमचा प्रकार ठरवतानाच विचारून घ्यावे: यात काय शोधणार, ते किती लांब आणि त्याला क्रम आहे का? आणि कुठे १९१ दिसलेच, तर आधी टेबलाची रो-फॉरमॅट पाहावी. सर्व्हर नवा झाला म्हणून जुने टेबल आपोआप बदलत नाही.