चुना, आम्ल आणि ठसका

इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी विड्याच्या पानांसाठी ओळखलं जातं. पानाचा सोबती चुना, आणि चुन्याचा दुसरा सोबती तंबाखू. पारावरचा माणूस तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखभर चुना लावतो, अंगठ्यानं मळतो, फटका मारून धूळ उडवतो आणि बार भरतो. हे अस्सल रसायनशास्त्र आहे! तंबाखूतलं निकोटिन बरंचसं आम्लांशी बांधलेलं असतं. त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहजासहजी आत जात नाही. चुना त्याला मोकळं करतो, मग ते थेट रक्तात उतरतं. ही युक्ती ज्यानं प्रथम काढली, त्याला निकोटिन हे नावही ठाऊक नसणार.

व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, याच्या नेमकं उलट घडतं. मोकळं निकोटिन घशाला झोंबतं, ठसका लागतो. हा ठसका म्हणजे शरीराचा राखणदार. २०१५ साली अमेरिकेत आलेल्या जूल या व्हेपनं निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घातलं. निकोटिन पुन्हा बांधलं गेलं, झोंबणं कमी झालं आणि राखणदार झोपी गेला. फुफ्फुसाच्या अफाट पृष्ठभागावरून मात्र ते रक्तात शिरतंच आणि काही सेकंदांत मेंदू गाठतं. वर आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद! ठसकाच लागत नाही म्हटल्यावर पोराला वाटतं, ही नुसती वाफ. तीत पाण्याची वाफ नावालाच. असतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे सूक्ष्म थेंब.

हे निकोटिन झाडानं आपल्यासाठी केलेलंच नाही. ते मुळांत तयार होतं. अळीनं पान कुरतडलं की मुळांना निरोप जातो आणि विष वाढतं. मावा-तुडतुड्यांवर आपण फवारतो ते इमिडाक्लोप्रिड किडीच्या मज्जासंस्थेत निकोटिनच्याच जागी जाऊन बसतं. तशाच जागा आपल्या मेंदूतही आहेत, आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून सोळाव्या वर्षी लागलेली सवय जास्त चिवट.

२०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले, धूम्रपान करणारे ३.८ टक्के. आपल्याकडे अजून चुन्याचंच राज्य आहे. ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे; पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चुना असो वा आम्ल, ज्याला यातून सुटायचंय त्यानं १८०० ११ २३५६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.