अकराच्या आधी दहा

लाइट गेलेली आहे. स्टीलच्या पेल्यात मोबाइल उभा करून त्याचा टॉर्च वर पत्र्याकडे सोडलाय आणि त्या उजेडात आम्ही अकराजण सतरंजीवर बसलोय. नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातली ही वस्ती. खोली पाळकांची. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेले ब्लाउज. दिवसा ते कपडे शिवतात, रविवारी चार वस्त्यांवर उपासना चालवतात आणि मंगळवारी रात्री हा वर्ग घेतात.

दसरा होऊन आठवडा झालाय. ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्यात, त्यामुळे या हंगामातला हा शेवटचाच मंगळवार.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन होतं. टाळ खाली ठेवले जातात. मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं पाठ केलेलं एकेक वचन म्हणायचं. एक पंचविशीतला पोरगा ताठ बसून म्हणतो, “यिर्मया एकोणतीस, अकरा.” पुढचं धडाधड, न अडखळता. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, असं सांगणारं ते वचन. त्याच्या मोटरसायकलवर मागे तेच चिकटवलेलं मी येताना पाहिलंय. तो आणखी सांगतो, की व्हिडिओवर एका प्रचारकानं हेच वचन घेऊन या महिन्यात बंद दार उघडणार असं जाहीर केलंय आणि यानं अकराशे रुपयांचं ‘बी’ पेरलंय. ऑनलाइन.

आता पाळक त्याला झापणार, असं मला वाटतं. ते चष्मा पुसतात.

“दहावं वाच.”

पोरगा पान शोधतो. वाचता वाचता त्याचा आवाज खाली येतो. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर, असं आहे तिथं.

“सत्तर?” भिंतीला टेकलेल्या आजी विचारतात. “म्हयने का वर्सं?”

“वर्षं, आजी.”

“मंग मी काय ऱ्हात नसते तवर.”

सगळे हसतात. मीही हसतो, पण जरा ओशाळून. पुण्यात माझ्या फ्रिजवर हेच अकरावं वचन चुंबकानं लटकतंय. कुणीतरी लग्नात दिलेलं. दूध काढताना रोज दिसतं. दहावं काय आहे, हे मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, आणि मी संडे स्कूलमध्ये बक्षिसं मिळवलेला माणूस आहे.

पाळक एक अध्याय मागे नेतात. राजा नबुखद्नेस्सरानं यरुशलेममधली माणसं बाबेलला धरून नेलीत. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरतोय: ही गुलामी सोसावी लागणार. तेव्हा हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात ते जू मोडून टाकतो आणि म्हणतो, दोन वर्षांत सगळे परत.

“तुम्ही तिथं असता तर कुणाला टाळ्या दिल्या असत्या?”

कुणी बोलत नाही. जू इथं सगळ्यांनी पाहिलेलं आहे, ओढलेलंही. पोरगा हातातला फोन उलटा ठेवतो.

प्रत्येकाच्या मांडीवर एक पुस्तिका आहे. आठवडाभर घरी वाचायची, रिकाम्या जागा भरायच्या आणि मंगळवारी त्यावर बोलायचं. दूरस्थ धर्मशिक्षणाची ही पद्धत 1963 साली ग्वाटेमालात सुरू झाली. तिथल्या खेड्यापाड्यांत मंडळ्या चालवणारी माणसं शेती आणि बायकापोरं सोडून सेमिनरीत राहू शकत नव्हती, म्हणून शिक्षकच आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊ लागले. 1971मध्ये ती बंगळुरूत आली. अडचण इथंही तीच. पाळकांना मी विचारलं होतं, पुण्याला सेमिनरीत का गेला नाहीत? “तीन वर्षं मशीन कोण चालवणार?” एवढंच म्हणाले.

1910 साली जगातले दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात होते; शंभर वर्षांनी तिथं जेमतेम चौथा हिस्सा उरला आणि जवळजवळ तेवढेच सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेत झाले. मंडळी अशी भराभर वाढते तेव्हा मोजणी डोक्यांची होते. त्या डोक्यांना मागचं पान उलटायला कोण शिकवतंय, हे वार्षिक अहवालात सहसा सापडत नाही. आजींच्या सासूबाई मिशनच्या काळात बायबलबाई होत्या; पायी वस्त्या फिरून बायकांना आधी अक्षरं आणि मग शास्त्र शिकवायच्या. त्यांच्यानंतर इथं तसं कुणी आलं नाही. व्हिडिओ आले.

आता वर्गात पुन्हा एकोणतिसावा अध्याय. तो मुळात एक पत्र आहे; त्याचा मुख्य भाग वाचला जातो. यिर्मया बाबेलमधल्या लोकांना लिहितो: घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

“म्हंजी परमुलखात कोपी घालून ऱ्हायचं, तसंच की,” एक बाई म्हणते. परवा गुरुवारी ती आणि तिचा नवरा साखर कारखान्यावर निघालेत. एक कोयता.

पाळकांची पेन्सिल थांबते. पुस्तिकेत हे नाही.

“कारखान्याच्या गावासाठी करीन मी प्रार्थना,” ती पुढं म्हणते. “मुकादमासाठीबी करायची? उचल फिटतच नाय त्याची. धा वर्सं झाली.”

इथं मी सावध होतो. अशा जागी झटकन एक गोड उत्तर येतं: सोसा, क्षमा करा, देव बघून घेईल. ते मी मोठमोठ्या व्यासपीठांवरून ऐकलंय. पाळक मात्र पानं मागं उलटत राहतात, टॉर्चच्या उजेडात बराच वेळ. मग पुस्तक तिच्या हातात देतात. यिर्मयाचाच बाविसावा अध्याय, तेरावं वचन. ती एकेका शब्दावर बोट ठेवत वाचते. शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन, मजुरी न देता जो घर बांधतो, त्याला तिथं धिक्कार आहे. आणि तो धिक्कार कुणा सावकाराला नाही, थेट राजाला.

“हे बी यिर्मयाच?”

“त्यानंच लिहिलंय. गावासाठी प्रार्थना कर म्हणणाराही तोच.”

“मग दोन्ही करायचं,” ती ठरवते आणि माझ्याकडून पेन मागून घेते. रेघ मारताना पान टरकतं की काय, इतका जोर.

वर्ग उठायच्या बेतात आहे. पोरगा विचारतो, सहा महिने फोनवर घ्यायचा का?

“कोपीवर रेंज कुठाय,” बाई म्हणते.

“तिथं आपली माणसं किती?” पाळक विचारतात.

“आमचा धरून चार कोयते.”

“म्हणजे आठजण झाले. वर्ग तू घे.”

“मी? मी सातवी नापास.”

“पुस्तिका वाचलीस ना? तेवढंच वाचायचं, आणि मग त्यांना विचारायचं. आज मला विचारलंस तसं.”

ती नवऱ्याकडे बघते. तो छताकडे बघतो. पाळक स्वतःची पुस्तिका काढून देतात, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. ती आधी खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळते, मग पदरात. नको म्हणालेली नाही.

तेवढ्यात लाइट येते आणि सगळे डोळे किलकिले करतात. चपला शोधायची गर्दी होते. आजींना उठवायला दोघी लागतात. बाहेर मोटरसायकल सुरू होऊन बंद पडते, पुन्हा सुरू होते. पाळक सतरंजी न झटकताच मशीनपुढं बसतात आणि सुईत दोरा ओवायला लागतात. गुरुवारच्या आत तिचाच ब्लाउज द्यायचाय.